तीन वर्षं वाचून दाखवतोय, आता गुरुजी ओळखतही नाहीत, थांबू का?

सलाम. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, झोप आली नाही नीट, म्हणून आज सकाळी पाणी भरून झाल्यावर (चार दिवसांनी नळ आलाय आज) बसून मोबाईलवर टाईप करायलेय, चुका झाल्या तर समजून घ्या. तुम्ही माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे आहात, तरी ओळख नाही म्हणून अहो-जाहोच ठेवते.

आधी तुमचं म्हणणं मला जसं कळलं तसं सांगते. तीन वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत तुमच्या मनात अगदी स्पष्ट आलं की संडे स्कूलमध्ये ज्यांनी शिकवलं ते गुरुजी आता घरात एकटे पडलेत, त्यांना जाऊन पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं. तुम्ही ते प्रभूने सांगितलं असं धरलं आणि दर शनिवारी एमआयडीसीतून सुटल्यावर सात वाजता जायला लागला. पहिलं वर्ष गुरुजी खूश, वाट बघायचे. मग ऐकू कमी यायला लागलं. आता वर्ष झालं, ते तुम्हाला ओळखत नाहीत, कधी चिडून पुस्तक ढकलतात, कधी झोपून जातात, आणि सूनबाई म्हणाल्या की त्यांना काही कळत नाही हो, तुम्ही कशाला त्रास घेता. म्हणून तुम्ही विचारताय, हे अजून आज्ञापालन आहे की नुसती सवय झालीय, आणि थांबलो तर चुकेल का.

मी पाळक म्हणजे चर्चची धर्मगुरू नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. ३१ वर्षं दवाखान्यात नर्स होते इथंच सोलापुरात, आणि मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, जे लोक अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरभेटीचं काम बावीस वर्षं करते. जे सांगतेय ते तेवढ्यातूनच.

एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात मला दिसली. पहिल्या वर्षी गुरुजी हसायचे, आशीर्वाद द्यायचे, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला पडला नव्हता. काम तेच, माणूस तोच, वाचन तेच. मग बदललं काय, तर तुम्हाला मिळणारी पावती बंद झाली. हे मी दोष म्हणून सांगत नाही, सगळ्यांचं असंच असतं, माझंही. पण हे ओळखून घ्या, कारण "देवाने सांगितलंय का" हा प्रश्न तीन वर्षांपूर्वीचा आहे आणि "मला काहीच मिळत नाहीये" हे दुःख आत्ताचं आहे, आणि दोन्ही एकात एक गुंतले की माणूस पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावरून काढतो. काही दिसत नाही म्हणजे सांगितलंच नसेल, असं. हे जोडणं बरोबर नाही, एवढंच मला मुख्य सांगायचंय, बाकी सगळं याच्याच भोवती आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून बसून सांगता येणार नाहीत. तुमच्या घरी कोण आजारी आहे का, लग्न ठरलंय का, शनिवारची ती वेळ कुणाच्या वाट्याची आहे. घरच्यांना खरंच अडचण होते का, की सून बिचारी फक्त तुमच्यावर दया म्हणून बोलली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुरुजींना तुमच्या जाण्याने त्रास होतो का. कारण परिणाम न दिसणं वेगळं आणि वाईट परिणाम डोळ्यासमोर दिसणं वेगळं. घरभेटीला जाणारे आमच्यातले पुष्कळ लोक इथं गल्लत करतात. पेशंट दमलाय, नाकातून नळी आहे, आणि हे अर्धा तास मोठ्याने प्रार्थना करतात आणि वर म्हणतात फळ देव देईल. फळ देव देईल हे खरं, पण समोरचा माणूस तोंड फिरवतोय हे तर तुम्हाला दिसतंय ना, ते बघणं तुमचं काम. न दिसणाऱ्याच्या नावाखाली दिसणाऱ्याकडे डोळेझाक करायची नाही. म्हणून गुरुजी पुस्तक ढकलतात याच्यावर मी खाली वेगळं लिहिणारच आहे.

माझ्या कामातलं सांगते. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं तेव्हापासून कितीतरी वर्षं मी बूथवर होते. बूथ रविवारी असायचा, आणि मी संडे स्कूलला शिकवायचे, म्हणजे तो रविवार गेला. सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं, उपासना बुडली म्हणून. मग सोमवारपासून घरोघरी. विडी कामगारांच्या वस्तीत, दारात बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या, पोरं आजूबाजूला, आणि मला तेलुगू येत नव्हतं तर तेवढे दोन शब्द शिकून घेतले, नोरु तेरुवु, तोंड उघड. दोन थेंब, डाव्या करंगळीवर शाई, दारावर खडूने खूण. घरातली सगळी मुलं झाली तर पी, कुणी राहिलं किंवा नको म्हणाले तर एक्स, आणि एक्सच्या घरी परत जायचं, परत जायचं, परत जायचं.

आणि लस कशी, ती थंड राहिली पाहिजे. निळ्या डब्यात बर्फाचे पॅक. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो, उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, गोलाच्या रंगाचा झाला की बाटली टाकून द्यायची. तो चौकोन आई बघत नाही, पोर बघत नाही, साहेब नेहमी येत नाही. मी एकटीच बघणार. खराब बाटलीतले थेंब पाजले असते तरी शाई तशीच लागली असती, पी तसाच लागला असता, आई तशीच हसली असती. सगळं दिसायला सारखं.

आता विचार करा, इतक्या वर्षांत एकही आई माझ्याकडे येऊन म्हणाली नाही की सिस्टर तुमच्यामुळे माझ्या पोराला पोलिओ झाला नाही. कशी म्हणणार? जे झालंच नाही ते कुणाला दिसणार? माझ्या हाताने थेंब पाजलेल्या पोरांपैकी कोणतं पोर वाचलं हे मला आजही माहीत नाही, कदाचित एकही नसेल त्यातलं, कदाचित खूप असतील. भारतातली पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्यात झाली. इथं सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती. त्या दिवशी ही शेवटची आहे हे देशात कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर तीन वर्षं एकही केस नाही झाली तेव्हा, मार्च २०१४ ला, देश पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे तीन वर्षं काही न दिसणं हाच तिथं रिझल्ट होता, आणि ती तीन वर्षं आम्ही तेच दोन थेंब पाजत होतो, तोच चौकोन बघत होतो.

हे उदाहरण पुरतं लागू होत नाही, मला माहितेय. पोलिओत मोजणारे लोक होते, आकडे होते, शेवटी कुणीतरी सांगितलं. विश्वासाच्या कामात मोजणारा एकच आहे आणि तो आपल्याला आकडे देत नाही. पण मला त्या कामाने एक सवय लावली, शाईकडे न बघता चौकोनाकडे बघायची. तुमच्या बाबतीत चौकोन काय, तर तुम्ही जाताना मन कसं असतं, नुसतं उरकायला जाता का, गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघता का पानाकडेच, आधी तयारी करता का वाटेत मोबाईलवर काहीतरी उघडता. हे तुम्हाला तपासता येतं. गुरुजींच्या आत काय होतं हे तपासता येत नाही.

सवय या शब्दाबद्दल पण बोलते. तुम्ही "नुसती सवय" म्हणालात, जणू सवय झाली म्हणजे आज्ञापालन संपलं. मला तसं वाटत नाही ओ. नवरा-बायको वीस वर्षं एकमेकांना चहा करून देतात ती सवयच असते. हात धुणं ही माझी सवय होती, प्रत्येक पेशंटआधी मनापासून धुतले असं नाही, पण धुतले. काही शनिवारी तुम्ही प्रेमाने जाल, काही शनिवारी फक्त पाय नेतील. पाय नेतील त्या दिवशीचं वाचन कमी दर्जाचं असं देवाच्या वचनात मला कुठं दिसलं नाही.

वचनाचा विषय निघालाच आहे तर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा ३२ वा अध्याय काढा. मला तो फार जवळचा आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि देव त्याला सांगतो, तुझा चुलतभाऊ हनामेल येईल, अनाथोथचं त्याचं शेत विकत घे. जे गाव शत्रूच्या पायाखाली आहे तिथली जमीन! आणि तो घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदार बसवतो, खरेदीखत करतो, एक मोहोरबंद प्रत, एक उघडी, दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. सगळं रीतसर, वजनकाटा सुद्धा. निष्काळजीपणे नाही, की नाहीतरी बुडणारच आहे.

पण पुढचं बघा. व्यवहार झाल्यावर तो प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो की प्रभू, नगर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती चाललंय आणि तू मला म्हणालास शेत घे. म्हणजे त्यालाही कळलेलं नाही. आधी केलं, मग विचारलं, आणि विचारलं म्हणून देव रागावला नाही, उत्तर दिलं, या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील. तुमचा प्रश्न याच जातीचा आहे, म्हणून तो विचारण्यात अविश्वास आहे असं मनात आणू नका. आणि यिर्मयाला ते शेत मिळालं का? नाही मिळालं. नंतर लोक त्याला मिसरात घेऊन गेले. त्याने त्या शेतात कधी नांगर घातला असं शास्त्रात कुठंही नाही. खरेदीखत भांड्यात, तो परदेशात.

दुसरी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, तुम्ही ऐकलीही असेल. नारायण वामन टिळक ख्रिस्ती व्हायच्या आधी आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, दिला, वाचा म्हणाले. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपण रविवारी उपासनेत त्यांची गीतं म्हणतो. पण तो डब्यातला माणूस कोण होता? कुणी एका मिशनरीचं नाव घेतात, पण नक्की मला सांगता येणार नाही.

ही गोष्ट आमच्याकडे नेहमी अशी सांगतात की बघा, एक पुस्तक दिलं आणि केवढं झालं, तुम्हीही द्या. मला ती तशी सांगणं पटत नाही, आणि तुम्हाला तर अजिबात तशी सांगणार नाही. त्या माणसाने आयुष्यात किती डब्यांत किती जणांना पुस्तकं दिली असतील आणि त्यातली किती स्टेशनवर भज्याला कागद म्हणून गेली असतील, कुणाला ठाऊक. मी विचार करते तो त्या संध्याकाळचा. तो कुठंतरी उतरला असेल, हमालाला पैसे दिले असतील, जेवून झोपला असेल. टिळक आणि त्या डब्यातला दुसरा कुणी पोस्टमास्तर, त्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. शेवट माहीत असलेले आपण, तो नव्हे. आणि तुमचे गुरुजी टिळक होणार नाहीत, ते ऐंशीचे आहेत आणि त्यांची स्मृती चाललीय. तुमच्या वाचनातून काही मोठं निघेल म्हणून वाचा असं मी म्हणाले तर ते तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

मग कशासाठी वाचायचं? मत्तय २५ मध्ये उजवीकडचे लोक राजाला विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिला, आजारी कधी पाहिला? त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी एका भुकेल्याला जेवण दिलं, बस, तेवढंच त्यांना दिसत होतं. मी हा उतारा कितीतरी वेळा शिकवला पण मला तो कळला दवाखान्यात, की त्या लोकांना परिणाम ठाऊक नव्हता तरी समोरचा माणूस दिसत होता. गुरुजी हे तुमचं काम नाहीत, ते गुरुजी आहेत. ज्यांनी तुम्हाला लहानपणी मांडीवर घेऊन सुवर्णवचनं पाठ करून घेतली, ते एका खोलीत बसून आहेत, आणि आठवड्यातून एक तास त्यांच्या शेजारी कुणीतरी बसतं. तो एक तास हीच एक गोष्ट आहे, तिला दुसऱ्या कशाची शिडी बनवायची गरज नाही.

माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका बाईंकडे जायचे, अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली. आठ महिने गेले. काहीच नाही, डोळेसुद्धा फिरवायच्या नाहीत माझ्याकडे. मग मला दुसऱ्या दोन घरी बोलावणं आलं, तिथं लोक बोलायचे, रडायचे, प्रार्थनेला आमेन म्हणायचे, आणि मी हळूहळू या बाईंकडे जाणं बंद केलं. मनाला सांगितलं की प्रभू आता मला तिकडे नेतोय. खरं कारण एवढंच होतं की तिथं मला बरं वाटायचं. पुढं ते कुटुंब सोलापूर सोडून गेलं, कुठं गेलं कळलं नाही, बाई किती जगल्या कळलं नाही. त्या माझी वाट बघायच्या का हेही मला कधी कळणार नाही. हे आजही अधूनमधून येतं मनात, विशेषतः त्या गल्लीवरून जाताना.

म्हणून थांबायचंच नाही असं मी म्हणते का? नाही. आज्ञा पण संपते कधीकधी. देवाने एलिया संदेष्ट्याला ओढ्याकाठी राहायला सांगितलं, ओढा आटला तेव्हा दुसरीकडे जायला सांगितलं. तुमची बदली झाली, आई आजारी पडली, गुरुजींना खरंच त्रास व्हायला लागला, तर थांबा, आणि अपराधी वाटून घेऊ नका. फक्त दोन गोष्टी. ज्या आठवड्यात फार वैताग आलाय त्या आठवड्यात ठरवू नका. आणि थांबायचं तर गळून जाऊ नका माझ्यासारखं, मंडळीतल्या दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जा, गुरुजींची ओळख करून द्या, सूनबाईंना सांगा की पुढच्या शनिवारपासून हे येतील, आणि मग थांबा.

पण मला वाटतं तुम्हाला थांबायचं नाहीये. थांबायचं असतं तर इतकं लांब लिहिलं नसतं. म्हणून आता नर्स म्हणून थोडं.

आधी गुरुजींचे कान दाखवून घ्या. मी थट्टा करत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या कानात मळ घट्ट बसतो आणि घरचे म्हणतात आता काही कळत नाही. मळ काढला की निम्मं कळायला लागतं असंही मी पाहिलंय. तसंच अचानक चिडचिड वाढली असेल तर सूनबाईंना विचारा, पोट साफ होतं का, लघवीला जळजळ आहे का, कुठं दुखतं का. स्मृती गेलेला माणूस दुखतंय असं सांगू शकत नाही, तो पुस्तक ढकलतो. हे डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे, याच्यात आध्यात्मिक अर्थ शोधत बसू नका.

सात वाजताची वेळ बदला. या आजारात संध्याकाळ झाली की गोंधळ वाढतो, बेचैनी होते. रविवारी उपासनेला जाण्याआधी आठ वाजता जाऊन बघा, तुम्हालाही ताजं वाटेल. गेल्यावर ओळखलं का, मी कोण, असं विचारू नका, ती परीक्षा असते आणि ते दरवेळी नापास होतात, म्हणून चिडतात. स्वतःच नाव सांगा, समोर बसा, ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला, हात हातात घ्या घेऊ देत असतील तर. अध्यायच्या अध्याय वाचू नका. दहा मिनिटं पुष्कळ झाली. नवीन भाषांतर सोडा, त्यांनी लहानपणी जे पाठ केलं ते जुनं घ्या. आणि गा. आवाज चांगला नसला तरी गा. बोललेलं विसरलं तरी गाणं बराच काळ राहतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, पण प्रत्येक घरात होईलच असं नाही.

उन्हाळा आलाच आहे. गेल्या गेल्या आधी त्यांना पाणी द्या, म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. उशी लावून नीट बसवून, घोट घोट, ठसका लागतोय का बघत. मग स्तोत्र २३ काढा, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढं म्हणून जरा थांबा. ओठ हलले तर हलले. नाही हलले तर पुढची ओळ तुम्ही म्हणा.